साठवलेला चेहरा

मिरजेच्या दवाखान्यात बापूरावांच्या कृत्रिम डोळ्यांत नवा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचं काम चाललं होतं. तंत्रज्ञ तबस्सुमनं स्क्रीनवरून मान वर केली.

"काका, जुना ड्रायव्हर फार मंद होता. ओळखीचे चेहरे दरवेळी नव्यानं रंगवायला नकोत, म्हणून तो पहिल्या दिवशी साठवलेलेच दाखवत राहिला. ते पुसू?"

शेजारी बसलेल्या वत्सलाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांना हे ठाऊक होतं. एकदा कलप उतरून अर्धं डोकं पांढरं दिसत असतानाही नवरा "तुझे केस अजून काळेभोर" म्हणाला, तेव्हाच त्यांनी ओळखलं आणि कलप लावणं सोडून दिलं. आता डोक्याचा कापूस झाला होता, पुढचे दोन दात गेले होते.

"राहू दे गं," त्या घाईनं म्हणाल्या. "काय अडलंय त्यांचं?"

"पुसून टाक, पोरी," बापूराव म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून उघडले. वत्सलाबाईंनी तोंडाला पदर लावला होता. बापूरावांनी तो हळूच बाजूला केला आणि बघतच राहिले.

"बरं झालं," ते म्हणाले. "एवढी वर्षं मला वाटायचं, मी एकटाच म्हातारा होतोय."