बावीस ख्रिसमसकार्डं

"सतरा पायऱ्या!" मॉरीन अ‍ॅक्रॉइड कुंपणाच्या अलीकडून म्हणाली. "आमच्या पुढच्या दाराला सतरा पायऱ्या आहेत, मिस्टर प्रीस्टली. क्लिफर्डची चाकाची खुर्ची तिथून काय मी उडवत नेऊ?"

गॅरेथ प्रीस्टलीने शेजारचं घर घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्याच्या परसातून एक फरसबंद वाट मागच्या गल्लीपर्यंत जात होती. बावीस वर्षांपूर्वी गालिच्यांच्या गिरणीत मॉरीनच्या नवऱ्याचे, क्लिफर्डचे पाय गेले. तेव्हापासून तो बाहेर पडायचा तो याच वाटेने. गॅरेथला आता नेमकं तिथेच स्वयंपाकघर वाढवायचं होतं.

"मला वाईट वाटतं हो," गॅरेथ म्हणाला. "पण घर विकणाऱ्याने मला फॉर्मवर स्पष्ट लिहून दिलंय. या वाटेवर दुसऱ्या कुणाचाही हक्क नाही."

"विकणारा म्हणजे आधीचे मालक ग्रीनवुड, त्यांचा पुतण्या ना? तो राहतो ब्रिस्टलला. त्याला इथलं, हॅलिफॅक्समधलं काय कपाळ माहीत!"

दुसऱ्याच दिवशी मॉरीन वकिलाकडे गेली. वकील म्हणजे समीना हुसेन. सात वर्षांची असताना ती मॉरीनच्या वर्गात होती. अजूनही ती मॉरीनला 'मिस' म्हणायची आणि मॉरीन आत आली की खुर्चीतून उठून उभी राहायची.

"बस गं. आणि मला नीट समजावून सांग. मी मठ्ठ विद्यार्थिनी आहे असं समज."

समीना हसली. "मिस, वीस वर्षं सलग, उघडपणे, भांडणतंटा न करता वाट वापरली, तर तो हक्क होतो. पण परवानगीशिवाय वापरलेली असली पाहिजे. मालकाच्या परवानगीने वापरली, तर ती त्याची मेहेरबानी. मेहेरबानी पन्नास वर्षं चालली तरी तिचा हक्क होत नाही."

"परवानगी? मी जन्मात मागितली नाही. पहिल्या दिवशी फाटक उघडलं आणि खुर्ची ढकलत निघाले."

"शाब्बास! म्हणजे तेच आपलं बळ. आता एकच अडचण. मिस्टर ग्रीनवुड आज हयात नाहीत. तुम्ही जाता-येता हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी अडवलं नाही, याचा काही पुरावा मिळेल?"

"मिळेल म्हणजे काय, मिळालाच म्हणून समज," मॉरीन म्हणाली. कुठे आहे तेही तिला ठाऊक होतं.

घरी येताच तिने कपाटावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत बावीस ख्रिसमसकार्डं होती. सगळी आर्नल्ड ग्रीनवुडची.

ग्रीनवुड एकटा राहायचा. चाळीस वर्षं घरांचे व्यवहार पाहणाऱ्या वकिलाच्या कचेरीत त्याने कारकुनी केली होती. बोलणं मोजकं आणि अक्षर मोत्यासारखं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तो स्वतः कार्ड घेऊन यायचा. दारातच उभा राहायचा आणि मॉरीनने पाकीट फोडून वाचल्याशिवाय जायचा नाही. "वाचलंत ना?" असं विचारून, मान डोलावून मगच निघायचा. दरवर्षी मजकूर तोच. बदलायचं ते फक्त साल.

"किती गोड माणूस!" मॉरीन म्हणाली. "न चुकता वाटेची आठवण काढायचा. मी वाटेचा उल्लेख येईपर्यंत वाचून म्हणायचे, बस झालं, चहा घ्या आता."

"प्रीस्टलीचं काही खरं नाही," क्लिफर्ड खुर्चीतून म्हणाला. "एकतीस वर्षांत वर्गातलं एकही पोरगं तुझ्याशी वाद घालून जिंकलेलं नाही."

शनिवारी दुपारी सगळे मॉरीनच्या स्वयंपाकघरात जमले. तिने आल्याचा केक कापला. गॅरेथला जरा मोठाच तुकडा दिला. हरणाऱ्याशी गोड वागावं, हा तिचा शाळेतला शिरस्ता होता.

समीनाने सुरुवात केली. बावीस वर्षं, रोजची ये-जा, ना भांडण ना तक्रार. गल्लीतल्या दूधवाल्याने तसं लिहून दिलं होतं. खुर्चीतून फाटकाबाहेर पडणाऱ्या क्लिफर्डचे, त्याच्या बहिणीने काढलेले तारखेनिशी फोटो होते. गॅरेथ केकचे तुकडे ताटलीतच इकडून तिकडे सरकवत ऐकत राहिला.

"पण ग्रीनवुडना हे माहीत होतं कशावरून?" त्याने शेवटी विचारलं.

मॉरीन याच प्रश्नाची वाट पाहत होती. तिने डबा टेबलाच्या मधोमध ठेवला. समीनालाही तिने याबद्दल सांगितलं नव्हतं. हुशार विद्यार्थिनीलाही अधूनमधून चकित करायला तिला आवडायचं.

समीनाने वरचं कार्ड उघडलं. वाचलं. मग दुसरं उघडलं, मग तिसरं. तिने ती सावकाश मिटली आणि डब्याचं झाकण हातात घेतलं.

"मिस, हे आपण दोघी नंतर बघू या का?"

"नंतर कशाला? हाच तर पुरावा."

"मिस, प्लीज. माझं ऐका."

"लाजायला काय झालं तुला? लहानपणीही अशीच होतीस, उत्तर येत असून हात वर करायची नाहीस." मॉरीनने तिच्या हातून झाकण काढून घेतलं, एक कार्ड उचललं आणि थेट गॅरेथपुढे धरलं. "हं, वाच. मोठ्याने. आणि शब्द गिळू नकोस."

गॅरेथने चष्मा लावला.

"प्रिय मॉरीन आणि क्लिफर्ड, नाताळच्या मनःपूर्वक शुभेच्छा," त्याने वाचलं. "माझ्या परसातल्या वाटेवरून आणखी एक वर्ष ये-जा करायला माझी तुम्हाला आनंदाने परवानगी आहे."