जावेच्या गोळ्या

सकाळी साडेनऊला, गौरींच्या नैवेद्याचं पुरण वाटता वाटता शैलाच्या अंगावरून रक्त जाऊ लागलं. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. ती घाबरून मागच्या दारी बसली. आपल्या हातून नैवेद्य विटाळला, एवढीच तिला धास्ती.

धाकट्या जावेनं विचारलं, "वहिनी, कसलं औषध घेता का हो?"

"तुझीच जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर हार्मोनच्या गोळ्या आणतेय. तुझे घाम थांबले, माझेही थांबले!"

जाऊ तिच्या शेजारी येऊन बसली. "अहो, माझं गर्भाशय काढलंय, म्हणून मला नुसत्या त्याच चालतात. तुमचं आहे, तुम्हाला जोडीला दुसरी गोळी लागते. नुसत्या ह्याच घेतल्या की आतलं अस्तर वाढतं, आणि मग कधी कधी कॅन्सरही होतो." शैलाच्या डोक्यातून नैवेद्य पार गेला.

दुसऱ्या दिवशी गौरींना निरोप द्यायला दोघी घरी नव्हत्या. डॉक्टरांनी अस्तराचा तुकडा तपासायला पाठवलाय. रिपोर्ट अजून आलेला नाही.