जबड्याखालची रेघ

"ही खालची पांढरी रेघ पाहा." दातांचे डॉक्टर मित्सुदा यांनी पडद्यावरच्या एक्स-रेवर पेनाचं टोक टेकवलं. "जबड्याच्या हाडाची कड. ही जाड आणि सलग असायला हवी. इथे बारीक झालीय, आतून कुरतडल्यासारखी."

हात्सुए खुर्चीच्या कडेला बसून पाहत राहिली. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पसरलेला जबडा, त्यात ओळीने दात. दातांचं काही नव्हतंच.

"म्हणजे बाकीची हाडंही अशीच?"

"असू शकतात. कंबर, मणका. दातांच्या फोटोवरून शंका येते, खात्री होत नाही. खात्री करायला शहरात, हाडांच्या दवाखान्यात जावं लागेल. तोवर पडणं-धडपडणं नको."

"आणि शिडी?"

"शिडीचं नावच नको." डॉक्टर खुर्चीसकट तिच्याकडे वळले. कुरोसेंच्या घरचे दात ते तीस-चाळीस वर्षं बघत होते. "घरात तुम्ही बोलता, की मी बोलू?"

"मी बोलते," हात्सुए घाईने म्हणाली.

बाहेर छोट्या ट्रकमध्ये तिची सून कायोको वाट बघत होती. संत्र्यांची तोडणी सुरू व्हायच्या आधी दोघी दरवर्षी एकदमच दात दाखवायला येत. आज कायोकोची एक दाढ भरली होती, अर्धं तोंड बधिर होतं.

"इतका वेळ काय म्हणत होते डॉक्टर?"

"दात चांगले आहेत म्हणाले."

"मग तुमचं तोंड का उतरलंय?"

"तुझं बघ आधी. एकीकडे लोंबतंय."

कायोको अर्ध्या तोंडाने हसली आणि ट्रक चढणीला लागला. हात्सुए खिडकीबाहेर बघत राहिली. वाक्य जिभेवर होतं, पण पुढे सरकत नव्हतं. कायोकोची आई अंगणात घसरून पडली, तिचा खुबा मोडला, आणि ती पुन्हा उठली नाही. कायोकोने कित्येक वर्षं तिचं सगळं अंथरुणात केलं. सगळं संपल्यावर एकदा भांडी घासता घासता ती हात्सुएला म्हणाली होती, "आई, पुन्हा तसं काही बघायचं बळ माझ्यात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हात्सुएने रोजच्यासारखा नवऱ्याच्या तसबिरीपुढे वाफाळता भात ठेवला, पाणी ठेवलं, उदबत्ती लावली. आजवर तिने तिथे हात जोडून काही मागितलं नव्हतं. आता मागितलं. एवढी तोडणी निभून जाऊ दे.

तरी तिचा पाय ठरेना. तिने न्हाणीघराच्या दारातलं पायपुसणं गुंडाळून ठेवलं. ओल्या दगडांवर राख टाकली. सारात मूठभर सुकी मासळी जास्त घातली, मग भातातही घातली. शिडी ओढत नेऊन कोठाराच्या मागे पोत्यांखाली दडवली. तेवढ्यानेही बरं वाटेना, म्हणून पुन्हा जाऊन वर आणखी दोन पोती टाकली.

"आई, शिडी कुठंय?"

"कुठली?"

"आपल्याकडे किती शिड्या आहेत?"

"हात पोचेल तेवढीच संत्री तोडू. वरची पाखरांना राहू दे."

"पाखरांना? गेल्या वर्षी एका संत्र्यासाठी कावळ्यामागे धावलात तुम्ही."

कायोकोने शिडी शोधून काढलीच. ती झाडाला टेकवून तशीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय चाललंय तुमचं? पायपुसणं गायब, शिडी गायब. भातात मासळी, सारात मासळी. उद्या चहातही निघेल. डॉक्टर काय म्हणाले ते सांगा."

हात्सुएने मनात वाक्य नीट जुळवून ठेवलं होतं. बाहेर आलं ते अर्धंच. "हाडं तपासून घ्यायला सांगितलंय. पडलं तर मोडेल म्हणाले."

कायोकोच्या हातातली कात्री खाली आली.

"आणि हे एकटीने मनात धरून बसलात?" तिने विचारलं. "मी बळ नाही म्हणाले म्हणून? विसरा ते. मी करीन सगळं तुमचं."

"अगं, ऐक तरी—"

"काही ऐकत नाही. आजपासून तुम्ही खाली बसून देठ कापायचे. वरचं मी बघते."

आणि ती सरसर शिडी चढली. फांदी हलली, दोन संत्री टपटप खाली पडली. हात्सुए धावली आणि तिने शिडीचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"आई, सोडा, तुम्हाला लागेल."

"खाली उतर."

"उतरते, ही करंडी भरली की."

करंडी भरली, दुसरी भरली. कायोको सासूला एकही टोपली उचलू देईना. भरलेल्या पेट्या ती स्वतःच पाठीवर घेऊन उतारावरून झपाझप उतरे. हात्सुए तिच्या मागे मागे, श्वास रोखून, दगड बाजूला सारत चाले. बोलावं, तर शहरात जायचं ठरलंय तेही मोडेल, ही तिला भीती. न बोलावं, तर हे रोज बघायचं. संध्याकाळी तिने डॉक्टर मित्सुदांना घरी फोन लावला. "तारीख अलीकडची मिळवून द्या," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मला धीर निघत नाही."

तारीख मिळाली. पूल ओलांडून शहरात जाताना कायोको सगळा वेळ बोलत होती. घरात कठडे बसवू, पलंग खालच्या खोलीत आणू, बोटीवर कामाला असलेल्या नवऱ्याला फोन करून सुट्टी काढायला लावू. दवाखान्यात तिने सासूला रांगेतल्या सर्वांत मऊ खुर्चीवर बसवलं आणि गुडघ्यांवर स्वतःचा कोट पसरला.

दार उघडलं. "कुरोसे-सान," नर्सने हाक मारली.

"आलो," म्हणत कायोकोने सासूच्या दंडाला हात घातला. "चला आई. घाबरायचं नाही. मी आहे ना बरोबर."

हात्सुए उठली नाही. तिने सुनेचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मी नाही गं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी दाखवला तो फोटो तुझ्या जबड्याचा होता. वेळ तुझ्या नावाने घेतलीय."