साहेबापुढं जायचं म्हणून

कानात कुणीतरी बोलतंय म्हणून धर्मराज दिवसभर दारातल्या लिंबाशी भांडायचा. तरी 'माणूस तर धडधाकट दिसतो' म्हणून त्याचा आजारपणाचा सरकारी पगार नामंजूर झाला. थोरला भाऊ भुजंगराव असला भडकला की त्यानं अपीलच ठोकलं.

तारखेच्या दिवशी साहेबापुढं जायचं म्हणून नंदाबाईनं दिराच्या डोक्याला तेल लावलं, भांग पाडला, इस्त्रीचे कपडे घातले. कचेरीत धर्मराज हात जोडून गपगार बसला.

नव्या साहेबांनी कागदातून डोकं वर काढलं. "हं, आजार काय आहे?"

"सांगत कशाला बसू साहेब, करूनच दावतो!" भुजंगरावानं टोपी भिरकावली, धोतर खोचलं, बाकावर चढला आणि खिडकीबाहेरच्या लिंबाला अशा शिव्या घातल्या की शिपाई दाराआड लपला.

धर्मराजानं उठून टोपी उचलली, झटकली. "दादा, उतर. पडशील," म्हणत भावाला हाताला धरून खाली घेतलं.

साहेबांनी घाईघाईनं शिक्का मारला आणि धर्मराजाला हळूच म्हणाले,



"मंजूर! पण अशा माणसाला एसटीतून एकट्यानं आणलंत तरी कसं?"