मूर्तिजापूरचा मेळावा

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात किशोर मोजमापाच्या मशीनचे प्रोग्राम लिहायचा. हे काम येणारा तिथे तो एकटाच. कुठे अडलं तर विचारायला माणूस नव्हता. म्हणून त्याने अकोला-अमरावतीच्या कारखान्यांतून आपल्यासारखे सात-आठ जण हुडकले आणि दोन्ही गावांना सोयीचं म्हणून मूर्तिजापूरला त्यांचा पहिला मेळावा भरवला. हे प्रोग्राम ज्या सॉफ्टवेअरवर लिहितात, ते बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतले एक साहेबही त्याने आग्रहाने बोलावले.

मेळावा झकास झाला. पोरांची कामं पाहून साहेब इतके खूश झाले, की वर्षभरात त्यांनी एकेकाला पुण्याला नोकरीवर नेलं. किशोरलाही बोलावणं आलं होतं, पण लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या भगवंतरावांना, आपल्या वडलांना, सोडून तो कुठे जाणार?

परवा मशीन पुन्हा अडलं. दिवसभर डोकं खाजवून झाल्यावर त्याने ग्रुपवर भीतभीतच विचारलं, "यंदाच्या मेळाव्याची तारीख कोनती ठेवू?"

अमरावतीच्या जीवनचं उत्तर लगेच आलं.

"किशोरभाऊ, आमी तं सारेच इकडे आहो. पुण्यातच घेऊ न. तुमाले येनं जमन काय?"