कळणारा माणूस

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सिनियर सरांनी मला त्यांचा प्रोग्रॅम दाखवला. अख्ख्या कंपनीचे पगार त्यांनी एकहाती, एकाच फाईलीत बसवले होते. मी बघतच राहिलो.

"काय डोकं आहे सर! इथे रजा महिन्याच्या शेवटाकडून मोजल्यात ना तुम्ही?"

"तुला कळलं?" सरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला मिठी मारून ते तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

थोड्या वेळाने साहेबांनी बाहेर येऊन माझी पाठ थोपटली. "शाब्बास! हा प्रोग्रॅम कळणारा दुसरा माणूस मिळेना, म्हणून यांचा राजीनामा अडवून ठेवला होता. आज मंजूर केला बघ."

&nbsp;

आता माझा राजीनामा साहेबांकडे पडून आहे आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला मी तो प्रोग्रॅम हौसेने दाखवतो. पण हल्लीची पोरं महाहुशार, एकालाही काही कळत नाही.