बाईंची वाचायची रीत

खासदारबाई कुठल्या विधेयकाला पाठिंबा देतात आणि कुठलं परत पाठवतात, हे कोडं त्यांच्या नव्या सचिवाला काही केल्या सुटत नव्हतं. पक्ष बघून म्हणावं तर तसं नाही, विषय बघून म्हणावं तर तसंही नाही. मधमाश्यांच्या विधेयकावर सही, लिफ्टच्या तपासणीचं मात्र परत, आणि तेही हातातला चहा निवायच्या आत! शेवटी त्याने धीर करून विचारलंच, "मॅडम, एवढी जाडजूड विधेयकं तुम्ही वाचता तरी कधी?"

"सगळं कोण वाचतंय? मी शेवटून वाचते," बाई हसल्या. "नियम मोडला तर शिक्षा कोणाला, ते शेवटच्या पानावर असतं. साध्या माणसाला असेल तर विधेयक परत. खुर्चीवरच्याला असेल तर डोळे झाकून सही. वीस वर्षांत एकदाही पस्तावले नाही."

सचिवाला ते मनापासून पटलं. त्याच उत्साहात त्याने त्या दिवशी आलेलं विधेयक, शेवटचं पान वर करून, बाईंसमोर ठेवलं. सभागृहात सतत गैरहजर राहणाऱ्या खासदाराचं सदस्यत्व रद्द, असं त्यावर लिहिलं होतं.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. पान वाचलं. टोपण परत लावलं.

"अहो, असं शेवटून काय देताय?" त्या म्हणाल्या. "कायदा आहे तो. पहिल्या पानापासून नीट वाचायला नको?"